सोपा की गच्ची?

प्रश्न थोडक्यात असा. राजारामपुरीतल्या एका ताईंचं पत्र आहे. वय ६१, हायस्कूलमधून शिक्षिका म्हणून निवृत्त. मिस्टरांची शिरोलीला फौंड्री, आता मुलगा बघतो. लग्नाला ३५ वर्षं होतायत म्हणून सिअ‍ॅटलच्या लेकीनं दोघांसाठी जूनमधली सात रात्रींची अलास्का क्रूझ ठरवली आहे. तिनं दोन केबिन चार दिवसांसाठी धरून ठेवल्या आहेत. एक नवव्या मजल्यावरची: खोली मोठी, बाल्कनी मोठी, पण वर छत नाही. दुसरी अकराव्या मजल्यावरची: खोली लहान, बाल्कनी लहान, वर पूर्ण छत. दर दुसरीचा कमी. मिस्टर म्हणतात, “छताखालीच बसायचं तर राजारामपुरीत काय वाईट होतं?” ताईंना उघड्यावर बसायला नको वाटतं. वरच्या मजल्यावरचे लोक वाकून बघणार, पाऊस लागणार, गार वाऱ्यानं दम लागणार. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, “मी प्रत्येक गोष्टीत मोडता घालते असं ह्यांचं म्हणणं असतं. या वेळी गप्प बसून ह्यांच्या मनासारखं होऊ द्यावं का?”

ताई,

पत्र वाचून पहिल्यांदा हसू आलं, कारण हा वाद बोटीवरचा नाहीच. हा आपल्या जुन्या घरांतला वाद आहे. संध्याकाळी पाट टाकून सोप्यात, म्हणजे छपराखालच्या ओसरीत, बसायचं की वर गच्चीवर चटई घेऊन जायचं? माझ्या माहेरी शिवाजी पेठेत वडील गच्चीवरचे आणि आई सोप्यातली. आयुष्यभर दोघं एका घरात राहिली, पण संध्याकाळी सहा ते आठ दोन वेगळ्या मजल्यांवर. त्यांचं काही बिघडलं नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे: बाल्कनीत दोघांनी एकत्रच बसायचं आणि सगळा वेळ तिथंच बसायचं. तिकडे नंतर येते.

आधी या दोन केबिन अशा का आहेत ते बघू, म्हणजे लेकीशी बोलताना नेमकं बोलता येईल. बोटीची बाजू सरळ भिंतीसारखी असली तर प्रत्येक बाल्कनीच्या डोक्यावर वरच्या बाल्कनीची जमीन येते आणि सगळ्यांना आपोआप छत मिळतं. पण काही बोटींची बाजू घाटाच्या पायऱ्यांसारखी असते. खालचा मजला बाहेर आलेला, वरचा आत गेलेला. मग खालच्या बाल्कनीचा बाहेरचा भाग उघडा पडतो. प्रिन्सेस कंपनीच्या ग्रँड वर्गातल्या बोटी याचं ठळक उदाहरण. त्यांच्या नवव्या, म्हणजे डॉल्फिन मजल्यावरच्या मोठ्या खोल्यांच्या बाल्कन्या पार उघड्या असतात. दहाव्या, कॅरिब मजल्यावरच्या अर्ध्या झाकलेल्या आणि अर्ध्या उघड्या असतात. अकराव्या, बाहा मजल्यावर पूर्ण छत असतं. तुमचे मजल्यांचे आकडे बघून मला हीच रचना असावी असं वाटतं. लेकीला बोटीचं नाव विचारा आणि त्या बोटीचा बाजूनं काढलेला फोटो इंटरनेटवर शोधायला सांगा. मजल्यांचे नकाशे वरून काढलेले असतात, त्यात छत आहे की नाही ते धड कळत नाही. बाजूच्या फोटोत मात्र पायऱ्या लगेच दिसतात.

आता तुमच्या तीन भीत्या एकेक करून बघू.

लोक वाकून बघतील ही भीती खरी आहे. पायऱ्यांच्या रचनेत नववा मजला सगळ्यात बाहेर असतो, त्यामुळे दहाव्या, अकराव्या, बाराव्या मजल्यावरून कुणीही कठड्याशी उभं राहिलं की खाली तुमची खुर्ची, तुमचा चहाचा कप आणि तुमच्या केसांचा भांग, सगळं दिसतं. एकदा एका सफरीत आम्हाला अशी उघडी बाल्कनी मिळाली होती. पहिल्या सकाळी मी गाऊनवर, ओले केस सोडून बाहेर गेले आणि सहज वर पाहिलं, तर एक लहान पोरगं कठड्याच्या काचेला नाक लावून माझ्याकडेच बघत होतं. त्यानं हात हलवला. मीही हलवला. पण पुढचे दिवस मी नीट कपडे करूनच बाहेर गेले, आणि नीट कपडे करूनच जायचं तर वरचा सार्वजनिक डेक काय वाईट?

पावसाची भीती अर्धीच खरी आहे. त्या बाजूला पाऊस भरपूर पडतो हे खरं. क्रूझच्या वाटेवरच्या केचिकन गावात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो, म्हणजे आपल्या गगनबावड्याच्या पंगतीत बसणारं गाव. पण तिथले जोरदार पावसाचे दिवस शरद ऋतूत येतात आणि जून त्यातला बरा महिना असतो. शिवाय तो पाऊस आपल्या मिरगासारखा कोसळत नाही, झिमझिम लागून राहतो. आणि छतानं तो पूर्ण अडेल असंही समजू नका. सोप्यात बसूनही झड अंगावर येतेच की नाही? बोट ताशी ३५ ते ४० किलोमीटर वेगानं चालते तेव्हा वारा नसला तरी वारा असतो. पाऊस तिरका येतो आणि बाल्कनीच्या पुढच्या अर्ध्या भागात छत असून नसल्यासारखं होतं. मागे, दाराला लागून ठेवलेली खुर्ची मात्र कोरडी राहते. उघड्या बाल्कनीत तीही राहत नाही. फरक एका खुर्चीचा आहे, पण तुमच्यासाठी तो मोठा असू शकतो.

गार वाऱ्याचं तर छताशी काहीच देणंघेणं नाही. वारा समोरून आणि बाजूनं येतो. दोन्ही बाल्कन्यांत तो सारखाच लागेल. जूनमध्ये जूनो शहरात दुपारी साधारण १५ ते १८ अंश तापमान असतं, पण हिमनदीजवळ बर्फावरून उतरणारा वारा झोंबतो. दमासाठी छत नको, तर कानावरून जाणारी लोकरीची टोपी, तोंडावर घ्यायला मऊ मफलर आणि डॉक्टरांनी दिलेला पंप हाताशी हवा. जाण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांना “थंड हवेत जातेय” एवढं सांगून औषधांचा विषय मिटवून घ्या. इथं तुम्ही एका खऱ्या अडचणीचा दोष चुकीच्या गोष्टीवर टाकताय, असं मला वाटलं.

आता मिस्टरांची बाजू. त्यांच्या बाजूनं बोलायला कुणी नाही म्हणून मीच बोलते.

एका गोष्टीत ते शंभर टक्के बरोबर आहेत. त्या किनाऱ्यावर डोंगर पाण्यातून सरळ वर उठतात. पन्हाळ्याच्या सज्जाकोठीतून आपण दरी खाली बघतो, इथं बरोबर उलटं होतं. तुम्ही दरीच्या तळाशी असता आणि नजर वर न्यावी लागते. गरुड वर असतात, बर्फाची टोकं वर असतात, ढग डोंगराच्या कमरेला गुंडाळलेले असतात. छताची कड नेमकी तिथंच आड येते. ज्याला मान वर करून बघायची आवड आहे त्याला ते खुपतं.

पण त्यांच्या मनात रात्री आभाळभर तारे किंवा उत्तरेकडचा तो हिरवा प्रकाश असेल, तर त्यांना आत्ताच सांगा की जूनमध्ये यातलं काही मिळणार नाही. जूनोला त्या महिन्यात सूर्य रात्री दहानंतर मावळतो आणि पहाटे चारच्या आत पुन्हा हजर. मधल्या वेळेत आभाळ धड काळं होतच नाही.

आणि “छताखाली ऊन येणार नाही” असं ते म्हणत असतील तर तेही आपल्या कोल्हापूरच्या हिशेबानं झालं. आपल्याकडे मेच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते आणि पत्र्याखाली गेलं की ऊन संपतं. तिकडे जूनमध्येसुद्धा भर दुपारचा सूर्य क्षितिजापासून साधारण ५५ अंशांपर्यंतच चढतो. ऊन तिरपं येतं आणि छताखालून आत शिरतं. बाल्कनी सूर्याच्या बाजूला असली तर झाकलेल्या बाल्कनीतही पायांवर छान ऊन पडेल. संध्याकाळी तर भिंतीपर्यंत.

तरी त्यांचं म्हणणं नुसतं ऊन-ताऱ्यांचं असेल असं मला वाटत नाही. ताई, तुम्हीच लिहिलंय की त्यांनी शिरोलीला ३८ वर्षं काढली. फौंड्रीच्या शेडमध्ये. भट्टीची धग खालून आणि पत्र्याची धग वरून. या माणसाला डोक्यावर काहीही नको आहे, यात आश्चर्य काय? आणि तुम्ही तीन दशकं वर्गात उभ्या राहिलात. चाळीस-पन्नास डोळे रोज तुमच्यावर, बाहेर मंडईत गेलं तरी “मॅडम, मॅडम”. तुम्हाला अशी जागा हवी आहे जिथं कुणी बघत नाही. तुम्ही दोघंही छताबद्दल बोलताय असं तुम्हाला वाटतंय. एकदा चहाला बसून त्यांना “उघडी का हवी?” एवढंच विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका. (शिक्षिकांना हे अवघड जातं, स्वानुभव आहे.)

मग ठरवायचं कसं? मी माझं मत सांगते.

बोटीवर उघडं आभाळ फुकट मिळतं. वरच्या डेकवर, पुढच्या टोकाला, चारी बाजूंना, हवं तेवढं. हिमनदीच्या दिवशी तर बाल्कनीपेक्षा वरचा डेकच चांगला. बोट ग्लेशियर बेमध्ये जात असली तर तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर बोटीवर चढतात आणि माईकवरून समोर काय दिसतंय ते सांगतात. त्या उपसागरात दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ बोटींना प्रवेश असतो, त्यामुळे गर्दी नसते. कॅप्टन हिमनदीसमोर बोट सावकाश फिरवतो, म्हणजे दोन्ही बाजूंच्या केबिनना दर्शन होतं. पण डेकवरून दोन्ही बाजू एकदम दिसतात, आणि बर्फाचा कडा तुटतो तेव्हा आवाज कुठून आला ते कळेपर्यंत तुकडा पाण्यात पडलेला असतो. तेव्हा मोकळी नजर लागते. मिस्टरांचं आभाळ तिथं आहे, आणि त्यासाठी जादा पैसे मोजायची गरज नाही.

चार हजार माणसं असलेल्या बोटीवर जे कुठंच फुकट मिळत नाही ते म्हणजे कोरडी, आडोशाची, आपली अशी एक खुर्ची. बाल्कनीसाठी पैसे मोजायचे तर ते या खुर्चीसाठी मोजावेत असं माझं मत. म्हणून या दोन्हींत निवडायचं तर मी अकराव्या मजल्यावरची घेईन. दरही कमी आहे, आणि वाचलेल्या पैशात जूनोला व्हेल बघायची लहान बोट दोघांची होईल. उन्हाळ्यात हंपबॅक व्हेल तिथं खायला येतात. त्यांचे फवारे पाण्याच्या पातळीवरच दिसतात, छत आड येत नाही.

पण त्याआधी लेकीला एक फोन करा आणि दहाव्या मजल्याची चौकशी करायला सांगा. बोट मघाशी सांगितलेल्या वर्गातली असेल तर अर्धी झाकलेली बाल्कनी तिथं मिळते. मागे सोपा, पुढे गच्ची. मागच्या खुर्चीत तुम्ही, कठड्याशी मिस्टर. वरून दिसलंच तर त्यांचं टक्कल दिसेल, आणि त्याची त्यांना फिकीर नसावी. बाल्कनीही अकराव्या मजल्यापेक्षा खोल असते. ही मिळाली तर बाकी सगळी चर्चा विसरा. मात्र तडजोड म्हणून घेऊ नका. ती जागाच मुळात चांगली आहे, आणि म्हणूनच लवकर संपते.

एक हिशेबही करून बघा, मग या वादाचं वजन आपोआप उतरेल. सात रात्री म्हणजे सात दिवस बाल्कनीत, असं नसतं. केचिकन, जूनो, स्कॅगवे अशा बंदरांच्या दिवशी तुम्ही खाली उतरणार. बोट धक्क्याला लागलेली असताना बाल्कनीतून दिसतो तो धक्का आणि शेजारची दुसरी बोट. सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटललाच परतणाऱ्या बोटीला कॅनडातलं एखादं बंदरही, बहुतेक वेळा व्हिक्टोरिया, गाठावंच लागतं, कारण परदेशात नोंदलेल्या बोटीनं अमेरिकेत फेरी करताना परक्या बंदराला लागलं पाहिजे, असा १८८६ सालचा कायदा तिकडे अजून चालू आहे. व्हिक्टोरियाला बहुतेक बोटी संध्याकाळी पोचतात. जेवण, झोप, बंदरं वजा केली तर खरा बाल्कनीचा वेळ म्हणजे दोन-तीन समुद्राचे दिवस आणि रोजचे सकाळ-संध्याकाळचे चहा. चहा तुमचा, डेक त्यांचा, आणि हिमनदी दोघांची, असं जमतंय का बघा.

दुसरी एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण मला ती छतापेक्षा महत्त्वाची वाटते. सिअ‍ॅटलहून सुटणाऱ्या बोटी सहसा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, खुल्या पॅसिफिकमधून जातात. तिथं बोट हलते. मळमळ होणाऱ्यांनी केबिन बोटीच्या मधोमध घ्यावी, पुढच्या किंवा मागच्या टोकाला नाही, आणि जितकी खाली तितकी बरी. नववा आणि अकरावा यात फार फरक पडणार नाही, पण मध्य आणि टोक यात पडतो. आणि झाकलेली घेताना तिच्या वर काय आहे ते बघा. वर दुसऱ्या केबिन असतील तर शांत. वर जेवणाचा हॉल किंवा पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे पाचपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज येणार.

बुकिंग करताना लेकीला दोन शब्द नीट वाचायला सांगा. ‘गॅरंटी’ केबिन म्हणजे प्रकार ठरलेला, पण खोली कंपनी देईल ती. छताचा एवढा विचार केल्यावर ती घेऊ नये. आणि ‘अपग्रेड’ नको असं बुकिंगमध्येच लिहून घ्यावं. अपग्रेड म्हणून कुणाला अकराव्यावरून उचलून नवव्यावर टाकलं, तर कंपनीच्या लेखी ती बढती असते, कारण खोली मोठी. तुमच्या लेखी ती वरच्या पोरग्याच्या नाकाखाली गेलेली बाल्कनी.

इतर वाचकांसाठी चार ओळी, कारण उन्हाळ्याच्या सुट्टीची चौकशी करणारी पत्रं आता येऊ लागली आहेत. सिंगापूरहून सुटणाऱ्या बोटींवर डोळे झाकून छतवाली घ्या. विषुववृत्ताजवळचं ऊन आणि दुपारची अचानक सर, दोन्ही बिनछताच्या बाल्कनीत बसू देत नाहीत. जुलैतल्या भूमध्य समुद्रालाही तेच लागू. नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या चिंचोळ्या खाड्यांत, अलास्कासारखेच कडे उभे असतात, तिथं उघड्या बाल्कनीची हौस समजू शकते. बोटीच्या अगदी मागच्या टोकाच्या बाल्कन्यांतून पाण्याची लांबच लांब रेघ फार सुंदर दिसते, पण त्या बहुतेक पायऱ्यांच्या असतात आणि कधी कधी धुराड्याची काजळी खुर्चीवर बसते. मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपला जायचं असेल तर बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच असतात, बहुतेकांना खिडकी मिळते किंवा तीही नाही, त्यामुळे तिथं हा प्रश्नच फारसा येत नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न: गप्प बसावं का?

नको. गप्प बसून घेतलेली केबिन सात दिवस बोलत राहते. पहिल्या झडीला तुमच्या तोंडून “मी म्हटलं होतं” निघणार, आणि नाही निघालं तरी ते तुमच्या चेहऱ्यावर वाचतील, पस्तीस वर्षांचा सराव आहे त्यांना. ‘मोडता घालणं’ आणि ‘मत असणं’ यांत फरक आहे. मोडता म्हणजे “नको” म्हणून थांबणं. तुमच्याकडे आता “नको”च्या पुढे सांगायला दहावा मजला आहे, डेकचा हिशेब आहे, व्हेलच्या बोटीचे पैसे आहेत. ते एवढं ऐकून घेऊनही नववाच म्हणाले, मनापासून म्हणाले, तर मग घ्या नववा, हरकत नाही. पण तेव्हा तो दोघांनी मिळून घेतलेला असेल. आणि तुमच्यासाठी एक चांगली विंडचीटर त्याच दिवशी त्यांच्या खिशातून.

चार दिवसांतले दोन पत्र पोचण्यात गेले असतील, तेव्हा लेकीला फोन आजच करा. आपल्या रात्री नऊला तिकडे सकाळचे साडेआठ (हिवाळ्यात साडेसात) झालेले असतात.

आणि केबिन कुठलीही घ्या, बाल्कनीचं दार उघडताना खोलीचं मुख्य दार बंद आहे ना ते आधी बघा. दोन्ही एकदम उघडली की वारा आरपार जातो आणि जड दार बोटांवर आपटतं. दाराच्या उंबऱ्याला अडखळायला होतं, गुडघे दुखत असतील तर पहिल्या दिवशीच सवय करून घ्या. कठड्यावर साडी-टॉवेल वाळत घालू नका, बोटीवर त्याला बंदी असते. माझ्या जाऊबाईंनी घातला होता. टॉवेल अजून पॅसिफिकमध्ये कुठंतरी असेल.

तुमची,
सदरवाली ताई